साकागुचींचा १९९५चा शोधनिबंध आणि संदर्भांचा हिशोब

उंदराच्या सीडी४ टी पेशी (रोगप्रतिकारातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) घ्यायच्या. त्यांतल्या ज्या पेशींच्या पृष्ठभागावर सीडी२५ हे प्रथिन आहे, त्या अँटीबॉडी आणि कॉम्प्लिमेंट (अँटीबॉडी चिकटलेल्या पेशी फोडणारी रक्तातली प्रथिनं) वापरून नष्ट करायच्या. उरलेल्या पेशी थायमस (टी पेशी जिथे तयार होतात ती ग्रंथी) नसलेल्या उंदरांना टोचायच्या. मग या उंदरांचं थायरॉइड, जठर, अंडाशय, स्वादुपिंडातली इन्सुलिनची बेटं असं एकेक इंद्रिय टोचलेल्या टी पेशींच्याच हल्ल्यात सापडतं. काढून टाकल्या होत्या तसल्या पेशी परत दिल्या की आजार टळतो, मात्र त्या पुरेशा संख्येने आणि ठरावीक मुदतीतच द्याव्या लागतात. उशीर झाला की उपयोग नाही. सगळ्या सीडी४ पेशींत यांचं प्रमाण जेमतेम १० टक्के. इतर टी पेशींना आवरणाऱ्या या पेशींना आता नियंत्रक टी पेशी म्हणतात.

जपानी रोगप्रतिकारशास्त्रज्ञ शिमोन साकागुची आणि सहकाऱ्यांनी हा प्रयोग १९९५ साली ‘जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी’त छापला. साकागुचींना मिळालेल्या २०२५च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलपर्यंत गेलेली वाट या निबंधातून जाते, पण तिची सुरुवात बरीच आधीची आहे. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी थायमस काढली की मादी उंदरांची अंडाशयं नष्ट होतात, हे निशिझुका आणि साकाकुरा यांनी १९६९मध्ये दाखवलं होतं. सातव्या दिवशी काढली तर तसं होत नाही. निरोगी उंदराच्या टी पेशी टोचून हे नुकसान टाळता येतं, हे साकागुचींनी निशिझुकांसोबत १९८२मध्ये दाखवलं. अडचण अशी, की नुकसान करणाऱ्या आणि ते रोखणाऱ्या पेशींवर तेव्हा एकच खूण दिसत होती. दोघींना वेगळं करणारी खूण हाती यायला १३ वर्षं गेली.

ही वर्षं वाईट होती. सत्तरच्या दशकात इतर पेशींना दाबून ठेवणाऱ्या ‘सप्रेसर टी पेशीं’चा मोठा बोलबाला झाला होता. त्यांची ओळख मानलेल्या आय-जे रेणूचं जनुक ऐंशीच्या दशकात अपेक्षित जागी सापडलंच नाही, आणि अख्खा विषय बदनाम झाला. एखाद्याच्या प्रकाशनयादीत पाहायचं ते हे: सगळे पांगल्यावरही तो त्याच प्रश्नावर छापत राहिला का?

संशोधकाचा प्रभाव एका आकड्यात सांगणाऱ्या एच-इंडेक्समध्ये हे दिसत नाही. निदान ४० संदर्भ मिळालेले ४० निबंध असले की इंडेक्स ४०. त्यातल्या एकाला हजारो संदर्भ मिळाले तरी तो एकच धरला जातो. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेल्या संदर्भांवरून निघतो, त्यामुळे सावकाश पसरणारं काम त्यात निसटतं. त्यावरून एका निबंधाची किंमत ठरवणं तर सरळ चूकच.

प्रभाव मोजायचा तर इतरांच्या प्रयोगशाळांत पाहावं. १९९८मध्ये अमेरिकेत थॉर्नटन आणि शेवॅक यांनी सीडी२५ असलेल्या आणि नसलेल्या पेशी एकत्र वाढवून, पहिल्या दुसऱ्यांची वाढ रोखतात हे दाखवलं. उंदरांत महिनोन् महिने थांबण्याऐवजी काही दिवसांत उत्तर देणारी चाचणी हाती आली, आणि कोणालाही पडताळून पाहणं शक्य झालं. २००१मध्ये ब्रंको आणि रॅम्सडेल यांच्या गटाने जन्मतः आजारी असलेल्या ‘स्कर्फी’ उंदरांतलं बिघडलेलं फॉक्सपी३ जनुक शोधलं. २००३मध्ये होरी, नोमुरा आणि साकागुची यांनी दोन्ही धागे जोडले: फॉक्सपी३ साध्या टी पेशींत घातलं की त्या नियंत्रक बनतात.

माणसाच्या रक्तात मात्र हीच खूण फसवते. नुकत्याच चेतवलेल्या साध्या टी पेशींवरही सीडी२५ येतं. फॉक्सपी३ पेशीच्या केंद्रकात असतं. ते रंगवायचं तर पेशी आधी स्थिर करून तिला छिद्रं पाडावी लागतात, म्हणजे ती मरते आणि रुग्णाला देण्याजोगी राहत नाही. म्हणून जिवंत पेशी वेगळ्या करताना सीडी२५ भरपूर आणि सीडी१२७ कमी, अशी जोडखूण वापरतात. ती २००६मध्ये इतर गटांनी दिली.

आज नियंत्रक पेशींवरचं काम छापणारे बहुतेक जण एखाद्या ताज्या आढावा-लेखाचा संदर्भ देऊन मोकळे होतात. १९९५चा निबंध कित्येकदा संदर्भसूचीत नसतोच. तो शोधायचा तर ‘पद्धती’ विभाग उघडावा. पेशी वेगळ्या करण्याच्या पहिल्याच ओळीत सीडी२५ असतं.