जास्त उजेड म्हणजे चांगला स्फटिक? नाही!

नागपुरात फिजिक्सच्या एमएस्सीची पोरं प्रोजेक्टला बसली की एक जुनं वाक्य हमखास कानावर येतं: मोलिब्डेनम डायसल्फाइड (मोलिब्डेनम आणि सल्फर यांचा अर्धवाहक स्फटिक) याच्या एकपदरी थरावर लेसर टाका, जो तुकडा स्वतः जास्त प्रकाश देईल तोच निर्दोष.

समज उगाच पसरलेला नाही. जाड असताना जवळपास न चमकणारा हा पदार्थ एकाच थराचा झाला की ठळक प्रकाश देतो, हे 2010 मध्ये दिसलं. पण चकचकीत संत्रं गोडच निघतं असं थोडंच आहे! सल्फरचे अणू नसलेल्या रिकाम्या जागांवर (म्हणजे दोषांवर) हवेतला ऑक्सिजन बसला की तो जादा इलेक्ट्रॉन ओढतो आणि उजेड वाढतो. म्हणजे नेमका दोषाचा भागच उजळ दिसू शकतो. 2015 मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या संशोधक गटाने तर नुसत्या सेंद्रिय महाआम्लाच्या (अतितीव्र आम्लाच्या) प्रक्रियेने 1 टक्क्याहून कमी असलेली प्रकाशक्षमता (शोषलेल्या प्रकाशापैकी परत बाहेर पडणारा वाटा) 95 टक्क्यांवर नेली. स्फटिक नव्याने वाढवलाच नव्हता.

मग बघायचं काय? बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या वर्णपटातल्या शिखराची रुंदी, तीही अतिथंड तापमानाला. बोरॉन नायट्राइड या निरोधकाच्या थरांमध्ये गुंडाळलेल्या चांगल्या नमुन्यात ती काही मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टवर (ऊर्जेचं एक लहान एकक) येते. कमी ऊर्जेकडे पसरट फुगवटा दिसला, तर दोषांचा संशय घ्यावा.

रमण वर्णपटातही, म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या कंपनांमुळे विखुरलेल्या लेसर प्रकाशात ऊर्जेचा जो फरक पडतो त्याच्या आलेखातही, असाच घोळ होतो. (नोकरीनिमित्त शास्त्रज्ञ सी. व्ही. रमण काही काळ नागपुरात होते, हे इथे अनेकांना ठाऊक नसतं.) 385 आणि 405 प्रति सेंटिमीटर (या आलेखाचं एकक) जवळच्या दोन शिखरांमधलं अंतर मुख्यतः थरांची संख्या सांगतं, गुणवत्ता नव्हे. दोष वाढले की 227 च्या आसपासचा पट्टा डोकं वर काढतो.