जॅमच्या डब्याचा बॉम्ब

पहिल्या महायुद्धात, मुख्यतः 1914-15 मध्ये, ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांनी खंदकातच बनवलेला हातबॉम्ब. शिध्यात आलेल्या जॅमचा रिकामा डबा हे त्याचे कवच. टिकलर कंपनीचा जॅम सर्वत्र पोहोचत असल्याने या बॉम्बांना ‘टिकलरचा तोफखाना’ असे टोपणनाव पडले.

युद्ध सुरू झाले तेव्हा जर्मनांकडे हातबॉम्ब आणि खंदकी उखळी तोफा तयार होत्या. ब्रिटिशांकडे मात्र फारच थोडे हातबॉम्ब होते. त्यांचा पहिला अधिकृत बॉम्ब लांब दांड्याचा होता आणि आपटताच फुटे. अरुंद खंदकात फेकण्यासाठी हात मागे नेला की तो मागच्या भिंतीवर आदळण्याची भीती असे. रायफलची गोळी सरळ जाते, समोरच्या खंदकात दडलेल्या माणसापर्यंत पोहोचत नाही. ही उणीव कारखान्यांनी भरून काढेपर्यंत थांबणे आघाडीवरच्या सैनिकांना शक्य नव्हते.

डब्यात मधोमध गनकॉटनसारखे स्फोटक आणि ते उडवणारी छोटी नळी, म्हणजे डेटोनेटर, ठेवत. भोवती खिळे, काटेरी तारेचे तुकडे, हाती लागेल ते भंगार ठासून भरत. झाकणातून वात बाहेर काढलेली असे. ती पेटवायची, काही सेकंद जळू द्यायची आणि फेकायची. वात लांब राहिली तर शत्रू तोच डबा उचलून परत फेके. आखूड पडली तर फेकणाऱ्याचाच हात जाई. पावसात ती पेटतच नसे. सारा भरवसा वात कापणाऱ्याच्या अंदाजावर होता.

या बॉम्बची खरी कसोटी 1915 मध्ये तुर्कस्तानातल्या गॅलिपोली द्वीपकल्पावर लागली. अ‍ॅन्झॅक किनाऱ्यावर, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे सैन्य जिथे उतरले तिथे, ते बनवण्याची कार्यशाळाच उभी राहिली. क्विन्स पोस्ट या ठाण्यावर तुर्की खंदक काही ठिकाणी जेमतेम 15 मीटरवर होते. तुर्कांकडचे चेंडूएवढे गोल लोखंडी बॉम्ब तिथे सतत येऊन पडत. ऑस्ट्रेलियन सैनिक ते उचलून उलट फेकत, नाहीतर त्यांवर ओव्हरकोट किंवा अर्धवट भरलेले वाळूचे पोते टाकत. ऑगस्टमधली लोन पाइनची लढाई तर छताने झाकलेल्या खंदकांत, बहुतांशी बॉम्ब आणि संगिनींवरच लढली गेली. तिथे 7 व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांची सर्वोच्च शौर्यपदके, दिली गेली.

फ्रान्समधल्या भारतीय कोअरच्या (तिथे लढणाऱ्या भारतीय फौजेच्या) सॅपर, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, तुकड्यांनीही असे बॉम्ब बनवले. खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे आजच्या बॉम्बे सॅपर्सच्या, 20 व 21 क्रमांकाच्या कंपन्या याच कोअरमध्ये होत्या. 28 ऑक्टोबर 1914 रोजी नव शापेल गावावरच्या हल्ल्यात 47व्या शीख पलटणीबरोबर या कंपन्यांनाही पायदळासारखे लढावे लागले आणि त्यांची जबर हानी झाली. खंदकयुद्धाच्या इतिहासात या सॅपरांची आठवण फार कमी काढली जाते, हे खटकते.

सैनिकांची ही युक्ती पुढे सरकारनेही उचलली. एकात एक दोन नळकांडी, मधल्या जागेत भंगार, अशा रचनेचे 8 व 9 क्रमांकाचे अधिकृत बॉम्ब 1915 मध्ये निघाले. त्याच वर्षी आलेल्या मिल्स बॉम्बमध्ये पिन काढून खटका सोडला की वात आपोआप पेटे. त्याचा पुरवठा वाढत गेला, तसा डब्यांचा वापर थांबला.