कोलायटिस आणि क्रोन्स: प्रोबायोटिकची पुडी दोन्हीकडे सारखी चालत नाही

गेली काही वर्षं मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. ओपीडीबाहेरच्या बाकावर बसलं की शेजारचं कुणीतरी हमखास विचारतं, "तुम्हालाही आयबीडी का? मग प्रोबायोटिक सुरू करा, मला खूप फरक पडला." सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण आयबीडी (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारे आजार) हे एका आजाराचं नाव नाही. त्यात कोलायटिस येतो आणि क्रोन्सही येतो, आणि प्रोबायोटिकचा, म्हणजे फायद्यासाठी घेतल्या जाणाऱ्या जिवंत जिवाणू-यीस्टचा, पुरावा या दोघांसाठी अगदी वेगळा आहे.

दोन्हींमध्ये प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते. जुलाब, रक्त पडणं, पोटात मुरडा, वजन उतरणं ही लक्षणंही बरीच सारखी. फरक कळतो तो दुर्बिणीच्या तपासणीत. कोलायटिस गुदाशयापासून सुरू होऊन सलग वर चढतो, मोठ्या आतड्यापुरताच राहतो आणि सूज मुख्यतः आतल्या अस्तरात असते. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, मधले निरोगी पट्टे सोडत होतो आणि भिंतीच्या पूर्ण जाडीत शिरतो. म्हणून त्यात आतडं अरुंद होतं, भगंदर होतं. आपल्याकडे त्याची आणि आतड्याच्या टीबीचीही गल्लत होते, ती वेगळीच डोकेदुखी.

आता कोलायटिसचा पुरावा बघू. १९१७ मध्ये आल्फ्रेड निस्ले या जर्मन डॉक्टरांनी एका सैनिकाच्या विष्ठेतून ई. कोलाय या जिवाणूचा एक वाण (उपप्रकार) वेगळा केला. आजूबाजूला जुलाबाची साथ असूनही तो सैनिक ठणठणीत राहिला होता. हाच 'निस्ले १९१७' वाण पुढे कोलायटिसच्या रुग्णांना मेसालाझिन या नेहमीच्या औषधाच्या तोडीस तोड ठरतो का, हे तपासलं गेलं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३२७ रुग्ण होते. वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाण निस्ले घेणाऱ्यांत ३६.४ टक्के आणि मेसालाझिन घेणाऱ्यांत ३३.९ टक्के निघालं, म्हणजे जवळजवळ बरोबरी. मात्र ही बरोबरी शांत झालेला आजार शांत ठेवण्यातली आहे, हे विसरू नये.

दुसरी चाचणी आपल्याच देशातली, २००९ ची. लुधियानाच्या डॉ. अजित सूद यांच्या पुढाकाराने अनेक केंद्रांवर १४७ रुग्णांना व्हीएसएल-३ हे आठ वाणांचं मिश्रण किंवा हुबेहूब दिसणारी बिनऔषधी पुडी दिली गेली. बारा आठवड्यांनी मिश्रण घेणाऱ्यांपैकी ४२.९ टक्क्यांचा आजार शांत झाला होता, बिनऔषधी पुडीवाल्यांपैकी १५.७ टक्क्यांचा. आकडा वाचून मलाही धावत दुकानात जावंसं वाटलं होतं. पण त्या चाचणीत जिवाणूंची मात्रा लाखो कोटींची होती; बाजारातल्या बऱ्याच कॅप्सूलांमध्ये काहीशे कोटीच असतात. शिवाय अमेरिकेत २०१६ पासून मूळ मिश्रण दुसऱ्या नावाने विकलं जातं आणि जुन्या नावाच्या पाकिटात वेगळं मिश्रण असतं. पाकिटावर नाव तेच दिसलं म्हणून आतला माल तोच असतो असं नाही.

क्रोन्सकडे वळलं की हे चित्र पालटतं. फ्रान्समध्ये १६५ रुग्णांना सॅकरोमायसिस बोलार्डी हे यीस्ट वर्षभर दिलं. आजार उलटला ४७.५ टक्क्यांचा, बिनऔषधी गटात ५३.२ टक्क्यांचा. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, म्हणून तो फायदा म्हणून मोजता येत नाही. लॅक्टोबॅसिलस या जिवाणूंच्या चाचण्यांतूनही हाती काही लागलं नाही. असं का? एक तर्क मला पटतो: पुडीतले जिवाणू अस्तराच्या पृष्ठभागाशी खेळतात, आणि क्रोन्स त्याच्या बराच खाली पोचलेला असतो. हा तर्कच आहे, सिद्ध झालेलं कारण नव्हे.

अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये सगळा पुरावा तपासून सांगितलं की दोन्ही आजारांत प्रोबायोटिक फक्त संशोधनाच्या चौकटीत द्यावं. कोलायटिसमध्ये मोठं आतडं काढून आतल्या आत पिशवी तयार करतात, तिला सूज आली तर मात्र आठ वाणांचं मिश्रण त्यांनी सुचवलं आहे, तेही सौम्य शब्दांत.

"मग घरचं दही?" हा प्रश्न मला आई रोज विचारते. घरच्या विरजणात कोणते वाण किती आहेत ते आपल्याला ठाऊक नसतं, आणि चाचण्या झाल्या त्या ठरावीक वाणांच्या, ठरावीक मात्रेच्या. दही सोसत असेल तर जरूर खावं, पण मेसालाझिन बंद करून त्या जागी दही नको. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी तसं केलं आणि दोन महिन्यांत त्यांना स्टेरॉइडवर जावं लागलं.

अझाथायोप्रिन, स्टेरॉइड किंवा इन्फ्लिक्सिमॅब यांसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल तर पुडी फोडण्याआधी डॉक्टरांना तिच्यावरचं वाणाचं नाव दाखवा. प्रतिकारशक्ती दबलेल्या किंवा मानेतल्या मोठ्या शिरेत नळी असलेल्या रुग्णांच्या रक्तात बोलार्डी यीस्टचा संसर्ग झाल्याची उदाहरणं आहेत, आणि अशांना ते देऊ नये असं युरोपच्या औषध नियामकांनी बजावलं आहे.