जुना ४८६ मदरबोर्ड: वीज देण्याआधी बॅटरी काढा

भंगारात किंवा जुन्या सामानाच्या बाजारात ३८६-४८६ या जुन्या प्रोसेसरांच्या काळातला मदरबोर्ड हाती लागला की पहिला मोह होतो तो पॉवर सप्लाय जोडून बघण्याचा. तो आवरा. कीबोर्डच्या गोल सॉकेटजवळ निळ्या किंवा हिरव्या वेष्टनातलं एक छोटं नळकांडं दिसेल. ती निकेल-कॅडमियमची ३.६ व्होल्टची बॅटरी. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणं आणि बायॉसच्या (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) सेटिंग्ज जपणं हे तिचं काम. ‘डेड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या या पिढीच्या बोर्डात पहिला संशय चिपवर नव्हे, या बॅटरीवर घ्यावा.

तिच्या आत पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण असतं. हे तीव्र अल्कली आहे, म्हणून लोक त्याला ‘अ‍ॅसिड’ म्हणतात ते चुकीचं, आणि या चुकीपायी सफाईला खायचा सोडा वापरला जातो. त्याचा काहीच उपयोग होत नाही. पोटॅशियम हायड्रॉक्साइड हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे मुंबई-कोकणातल्या दमट हवेत पडून राहिलेल्या बोर्डावर ते आणखी लांब पसरतं. हिरव्या लॅकरखाली शिरून ते तांब्याच्या ट्रॅकच्या (वीज वाहणाऱ्या बारीक पट्ट्यांच्या) कडेने सरकतं आणि बोर्डातल्या बारीक भोकांमधून दुसऱ्या बाजूला उतरतं. म्हणजे वरून चार हिरवट-निळे कण दिसत असले, तरी खाली दोन इंचांपर्यंत ट्रॅक काळे पडलेले असू शकतात. बोर्ड कपाटात नुसता पडून असला तरी हे थांबत नाही.

हातमोजे आणि चष्मा घालून बॅटरीचे पाय कटरने कापा. टाकं (सोल्डर) नंतर सावकाश काढता येतं. कॅडमियम विषारी आहे, तेव्हा ही बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा संकलन केंद्रात द्या. मग स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर टूथब्रशने लावा. थोडी फसफस होईल, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं कार्बोनेट झालेलं असतं. पाचेक मिनिटांत फसफस थांबली की डिस्टिल्ड वॉटरने भरपूर धुवा. व्हिनेगर तसंच राहिलं तर तेही तांबं खाईल. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा आणि पंख्याखाली पूर्ण एक दिवस वाळू द्या. सॉकेटमधल्या चिप्स धुण्याआधीच काढून ठेवा. प्रत्येक चिपची खाच कुठल्या बाजूला होती याचा फोटो मात्र आधी घ्या.

आता खरं काम. काळ्या पडलेल्या ट्रॅकवरचं लॅकर फायबरग्लास पेनने खरवडा आणि खाली लालसर तांबं लागतं का पाहा. काळ्या तांब्यावर टाकं धरतच नाही. कितीही फ्लक्स (टाकं धरायला मदत करणारा पदार्थ) लावला तरी ते गोळा होऊन बाजूला सरकतं, म्हणून खरवडण्याला पर्याय नाही. मग मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड अखंड असल्यास बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून प्रत्येक ट्रॅक या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासा. भोकांकडे विशेष लक्ष द्या, कारण ट्रॅक शाबूत आणि भोकाच्या आतला मुलामा गेलेला, हे नेहमीचं चित्र आहे. तुटलेल्या जागी ३० गेजची वायर टाका. कीबोर्ड कंट्रोलरची ४० पायांची चिप बहुधा बॅटरीच्या शेजारीच असते, त्यामुळे तिचं सॉकेट गंजलेलं निघालं तर सरळ बदला.

वीज देण्याआधी आणखी एक तपासणी. आयएसए स्लॉटच्या (जादा कार्ड बसवायच्या लांब खाचेच्या) बी बाजूला बी१ हा ग्राउंड, बी३ हा +५, बी७ हा −१२ आणि बी९ हा +१२ व्होल्ट. प्रत्येक लाइन आणि ग्राउंड यांच्यातला रोध मोजा. एक-दोन ओहम आला तर शॉर्ट आहे, आणि १२ व्होल्टच्या लाइनवर तो बहुतेक वेळा थेंबाच्या आकाराच्या टँटलम कपॅसिटरचा असतो. शॉर्ट झालेला टँटलम वीज मिळताच ठिणगी टाकून फुटू शकतो. १६ व्होल्टच्या जागी २५ व्होल्टचा घाला. दिशेची काळजी घ्या: टँटलमवरची खूण धन टोकाची, तर अॅल्युमिनियमच्या कपॅसिटरवरची पट्टी ऋण टोकाची असते.

या पिढीच्या एटी पॉवर सप्लायचे पी८ आणि पी९ हे दोन कनेक्टर काळ्या वायरी मध्यभागी शेजारी येतील असेच लावायचे. उलटे लागले तर बोर्ड जळतो. नंतरच्या पिढीचा एटीएक्स सप्लाय अॅडॉप्टरने जोडताना वायरींच्या रंगांवर विसंबू नका: एटीमधली नारिंगी वायर ‘पॉवर गुड’ची (व्होल्टेज ठीक असल्याच्या संकेताची), तर एटीएक्समधली नारिंगी ३.३ व्होल्टची. ‘पॉवर गुड’ मिळाला नाही तर सगळे व्होल्टेज बरोबर असूनही बोर्ड रीसेटमध्येच अडकून राहतो. प्रोसेसरही तपासा. डीएक्स४ या ४८६ च्या प्रकाराला साधारण ३.३ व्होल्ट लागतात. फक्त ५ व्होल्ट देणाऱ्या जुन्या सॉकेटमध्ये तो थेट बसवू नका.

सुरुवातीला फक्त प्रोसेसर, रॅम, स्पीकर आणि डिस्प्ले कार्ड लावा. ४८६ ची डेटा बस ३२ बिटांची, ३० पिनांचा सिम (रॅमची पट्टी) ८ बिटांचा, म्हणून ते चार एकदम लागतात. ७२ पिनांचा एक पुरतो. एएमआय बायॉसने सहा बीप दिले तर कीबोर्ड कंट्रोलरच्या ए२० या मेमरी-पत्त्याच्या लाइनची तक्रार आहे, म्हणजे पुन्हा बॅटरीशेजारचे ट्रॅक तपासा. आठ बीप म्हणजे डिस्प्ले कार्डाची मेमरी. काहीच आवाज नसेल तर पोस्ट कार्ड (सुरुवातीच्या तपासणीचे कोड दाखवणारं कार्ड) लावा. त्यावर एकही कोड उमटत नसेल तर प्रोसेसर बायॉस वाचतच नाहीये: रीसेट लाइन, क्लॉक आणि बायॉसची चिप या क्रमाने बघा. कीबोर्डचे दिवे क्षणभरही लुकलुकत नसतील तर त्याच्या ५ व्होल्टच्या वाटेवरचा बारीक फ्यूज उडालेला असू शकतो.

नवी बॅटरी म्हणून सीआर२०३२ चालते, पण जुन्या जागी थेट नाही. बोर्ड त्या जागी चार्जिंगचा प्रवाह पाठवतो आणि हा सेल चार्ज करायचा नसतो. तो फुगेल किंवा गळेल. म्हणून मध्ये १एन४१४८ डायोड घाला, पट्टीची बाजू बोर्डाकडे. घड्याळाला लागणारा प्रवाह काही मायक्रोअँपिअरच असल्याने डायोडवर पूर्ण ०.७ व्होल्ट पडत नाहीत, आणि बहुतेक बोर्डांना उरलेलं व्होल्टेज पुरतं. तरीही वेळ विसरत असेल तर कमी व्होल्ट खाणारा शॉटकी डायोड वापरा. बऱ्याच बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांचा हेडरही असतो. तो वापरून तीन एए सेलचा होल्डर कॅबिनेटच्या तळाला चिकटवणं आम्हाला सर्वांत बरं वाटतं: पुढे सेल गळले, तरी गळतील ते बोर्डापासून दूर.