ऑटोमेशन (ध्वनिमिश्रण)

संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची पातळी, पॅन (आवाज डावीकडे की उजवीकडे), इफेक्टची मात्रा अशा सेटिंगमध्ये काळानुसार होणारे बदल नोंदवून ठेवायचे आणि गाणे वाजताना ते दर वेळी जसेच्या तसे घडवून आणायचे, याला ऑटोमेशन म्हणतात. याची गरज गाण्यातूनच येते. मुखडा हळुवार गाणारा आवाज अंतऱ्यात खुलतो, मागे वाद्ये वाढतात, आणि सुरुवातीला नेमका बसलेला फेडर (पातळी ठरवणारी सरकपट्टी) तिथे कमी किंवा जास्त वाटू लागतो.

टेपच्या काळात हे हातानेच होई. मिक्स अवघड असेल तर कन्सोलपाशी (मिश्रणाच्या टेबलापाशी) दोघेतिघे उभे राहत आणि फेडर आपसांत वाटून घेत. एकाची वेळ चुकली की टेप मागे घेऊन पुन्हा सुरुवात. १९७०च्या दशकात फेडरच्या हालचाली साठवणारे कन्सोल आले. नीव्ह कंपनीच्या नेकॅम प्रणालीत तर मोटर बसवलेले फेडर आपोआप हलत. पुढे सॉफ्टवेअरमुळे ही सोय फेडरपुरती उरली नाही. प्लगइनचा (सॉफ्टवेअरला जोडलेल्या इफेक्टचा किंवा वाद्याचा) जवळपास कोणताही नॉब ऑटोमेट करता येऊ लागला.

ट्रॅकच्या खाली ऑटोमेशनची लेन उघडते. तिच्यातल्या रेघेवर बिंदू टाकून बदल काढता येतात, नाहीतर गाणे चालू ठेवून फेडर हलवत ते नोंदवता येतात. नोंदवताना मोड महत्त्वाचा. 'टच'मध्ये हात फेडरवर असेपर्यंतच नोंद होते आणि सोडल्यावर फेडर जुन्या रेघेवर परततो. 'लॅच'मध्ये तो सोडल्या जागीच राहतो आणि थांबवेपर्यंत तीच पातळी लिहीत जातो. 'राइट' सर्वांत धोक्याचा, कारण हात न लावताही तो आधीची नोंद पुसतो. झालेले काम नुसते वाजवायचे असेल तेव्हा 'रीड'.

ऑटोमेशनची खरी गंमत सेंडवर, म्हणजे ट्रॅकचा आवाज इफेक्टकडे किती पाठवायचा ते ठरवणाऱ्या नियंत्रणावर, कळते. ओळीच्या शेवटच्या शब्दालाच प्रतिध्वनी हवा असेल, तर डिले (प्रतिध्वनी देणारा इफेक्ट) वेगळ्या ट्रॅकवर ठेवतात आणि गायनाचा सेंड एरवी पूर्ण बंद असतो. तो शब्द सुरू होताना सेंड उघडायचा, संपताच मिटायचा. डिलेत गेलेला शब्द पुढच्या ओळीमागे विरत राहतो आणि नवे शब्द स्वच्छ ऐकू येतात. इथे सेंडऐवजी डिलेच्या ट्रॅकचाच आवाज खाली ओढला, तर प्रतिध्वनीची शेपूट मध्येच तुटते. इफेक्ट बायपास (तात्पुरता बंद) करूनही बरेचदा हेच होते, शिवाय खटका ऐकू येण्याची भीती.

आवाजाचे ऑटोमेशन साखळीत नेमके कुठे घडते, हेही पाहावे लागते. ट्रॅकचा फेडर सहसा इन्सर्ट प्लगइनच्या (थेट ट्रॅकवरच लावलेल्या इफेक्टच्या) नंतर येतो, त्यामुळे तो कितीही हलवला तरी कॉम्प्रेसरकडे (मोठा आवाज दाबणाऱ्या इफेक्टकडे) जाणारा सिग्नल तसाच राहतो. गाण्यातला एखादा शब्द फार जोरात आल्यामुळे कॉम्प्रेसर दाबून टाकत असेल, तर त्या शब्दाचा क्लिप गेन (ध्वनिमुद्रणाच्या तुकड्याचीच, प्लगइनच्या आधीची पातळी) आधीच कमी करणे चांगले. फेडरचे ऑटोमेशन त्यानंतरच्या बारीक चढउतारांसाठी राखावे. कॉम्प्रेसर पातळी मोजतो, शब्दाचे महत्त्व त्याला कळत नाही. ते कानाने ऐकून हातानेच ठरवावे लागते.

फिल्टर (आवाजातली काही कंपने गाळणारा इफेक्ट) सरकवताना कधीकधी खरखरीत पायऱ्या ऐकू येतात. याचे एक कारण म्हणजे मिडीचे (वाद्ये आणि संगणक यांच्यातल्या संदेशपद्धतीचे) साधे कंट्रोल संदेश ० ते १२७ अशा १२८ पायऱ्यांतच मूल्य सांगतात. दुसरे, काही प्लगइन नवे मूल्य बफरच्या (एका वेळी हाताळल्या जाणाऱ्या आवाजाच्या तुकड्याच्या) सुरुवातीलाच घेतात. ४४,१०० हर्ट्झला (सेकंदाला तितके सॅम्पल, म्हणजे आवाजाचे नमुने) ५१२ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे ११.६ मिलिसेकंद. चांगली प्लगइन मधली मूल्ये भरून हा बदल गुळगुळीत करतात.

फेडरवर एकदा ऑटोमेशन लिहिले की तो हाताने सरकवून उपयोग नसतो. गाणे सुरू होताच तो रेघेकडे परत जातो. म्हणून आधी स्थिर मिक्स पक्के करतात आणि मगच ऑटोमेशनला हात घालतात. नंतर संपूर्ण ट्रॅक थोडा वरखाली करायचा झाला, तर ट्रिम (सगळी रेघ एकदम वरखाली करणारे नियंत्रण), व्हीसीए फेडर (इतर ट्रॅकच्या पातळ्या एकत्र हलवणारा फेडर) किंवा साखळीच्या शेवटी ठेवलेले साधे गेन प्लगइन वापरतात.