आभा कार्ड आणि आयुष्मान कार्ड: नाव जवळचं, काम वेगळं

आमच्या शेजारच्या आक्का विड्या वळतात. सोलापूरच्या पूर्वभागात हे काही वेगळं सांगायला नको. इथं दर दोन-तीन घरांआड एक सूप, तेंदूची पानं आणि कात्री दिसतेच. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, छातीत कळ आली. रिक्षात घालून जवळच्या एका खासगी रुग्णालयात नेलं. काउंटरवर आक्कांनी पिशवीतून लॅमिनेट केलेलं कार्ड काढून पुढे केलं आणि म्हणाल्या, "ह्याच्यावर पाच लाख हायत की ओ ताई." काउंटरवरच्या मुलीनं कार्ड उलटंसुलटं पाहिलं. "आक्का, हे आभा आहे. ह्याच्यावर पैसे नसतात."

कार्ड त्यांना गल्लीतल्या एका शिबिरात मिळालं होतं. आधार दाखवला, मुलाच्या मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला आणि पाच मिनिटांत कार्ड हातात. 'आयुष्मानचं कार्ड' एवढंच त्यांच्या कानावर पडलं. त्या दिवसापासून ही दोन कार्डं लोकांना नीट वेगळी करून सांगायची, असं मी ठरवलं. हे लिखाण त्यासाठीच.

घोटाळ्याचं मूळ नावात आहे. दोन्हींच्या नावात 'आयुष्मान भारत' आहे आणि दोन्ही योजना राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण या एकाच संस्थेकडे आहेत. उपचाराच्या खर्चाची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांचीहून सुरू झाली. तिचं कार्ड ते आयुष्मान कार्ड. वैद्यकीय नोंदींसाठीचं डिजिटल मिशन देशभर लागू झालं २७ सप्टेंबर २०२१ रोजी. त्यातला १४ अंकी क्रमांक म्हणजे आभा, म्हणजेच आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट. त्यातच उपकेंद्रांवरही आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी असते. एवढी आयुष्मानं एकत्र आल्यावर आक्कांनी कुठली ओळखायची?

आयुष्मान कार्ड हा हक्काचा पुरावा आहे. तुमचं कुटुंब योजनेत बसतं, ठरलेले उपचार योजनेतल्या रुग्णालयात भरती होऊन घेतले तर कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचा खर्च योजना भरेल, एवढंच ते सांगतं. साध्या ओपीडीच्या तपासणीला किंवा बाहेरून आणलेल्या गोळ्यांना त्याचा उपयोग नाही. केंद्राची मूळ यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीतून आली. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० आणि त्यापुढच्या वयाच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वय वंदना नावाचं वेगळं कार्ड मिळू लागलं.

आपल्याकडे याला आणखी एक जुना धागा आहे. राज्याची राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होतं. म्हणून इथली वयस्कर माणसं अजूनही "जीवनदायीत बसतंय का?" असंच विचारतात. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं आणि पुढे ती केंद्राच्या योजनेला जोडली गेली. २०२३ साली राज्यानं ती सगळ्या शिधापत्रिकाधारकांना खुली करायचा आणि संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे आपल्याकडे रुग्णालयाच्या दारात सगळ्यात कामाचा कागद रेशन कार्ड ठरतो. पिवळं, केशरी, आता पांढरंसुद्धा.

इथं माहिती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते. धान्यासाठी पुरवठा खात्यानं केलेली कुटुंबाची नोंद आरोग्य खात्याच्या कामी येते. या जोडणीचा फायदा मोठा आहे: दवाखान्याच्या दारात उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलला पळावं लागत नाही. पण पहिल्या नोंदीतली चूक दुसऱ्या ठिकाणीही तशीच पोचते. आमच्या भागात बरीच घरं तेलुगू बोलणारी. रेशन कार्डावर नाव मराठीत कुणी तरी ऐकून लिहिलेलं, आधारवर इंग्रजी स्पेलिंगवरून आलेलं, आणि घरात तिसऱ्याच नावानं हाक मारली जाते. आक्कांच्या मालकांचं असंच झालं. एका कागदावर नावामागे 'अप्पा' होतं, दुसऱ्यावर नव्हतं.

भरती झाल्यावर आणखी माहिती जाते, आणि हे फार कमी जणांना ठाऊक असतं. रुग्णालयातला आरोग्यमित्र रुग्णाची नोंद करतो. मग रुग्णालय तपासण्यांचे अहवाल ऑनलाइन पाठवून आधी मंजुरी मागतं आणि नंतर बिलाची मागणी करतं. म्हणजे तुमचा ईसीजी, अँजिओग्राफी, डिस्चार्जचा कागद पैसे भरणारी यंत्रणा पाहतेच. पैसे देणारा उपचार झाले की नाहीत हे तपासणार, त्यात वावगं काही नाही. पण प्रत्येक कागदासाठी तुम्हाला वेगळं विचारलं जाईल, अशी अपेक्षा इथं ठेवू नका.

आभाचं काम याच्या बरोबर उलट्या टोकाला आहे. त्यावर एक रुपयाही नसतो. गरीब-श्रीमंत, रेशन कार्ड असो-नसो, कुणीही ते फुकट काढू शकतं, आणि काढलंच पाहिजे अशी सक्तीही नाही. आभा नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. क्रमांकासोबत ईमेलसारखा दिसणारा आभा पत्ताही मिळतो. मोबाइलमधल्या आभा ॲपमध्ये तोच वापरायचा असतो.

मग ते करतं काय? समजा, तुमची रक्ततपासणी सात रस्त्याजवळच्या एका लॅबमध्ये झाली, भरती दुसऱ्या रुग्णालयात झाली आणि आता तिसऱ्या डॉक्टरांना दाखवायचंय. ही सगळी ठिकाणं डिजिटल मिशनला जोडलेली असतील आणि प्रत्येकानं तुमची नोंद आभाशी जोडली असेल, तर तिसरे डॉक्टर जुने अहवाल मागू शकतात. ते अहवाल दिल्लीतल्या कुठल्या मोठ्या गोदामात पडलेले नसतात. लॅबचा अहवाल लॅबकडेच राहतो, रुग्णालयाचा रुग्णालयाकडे. मागणी आली आणि तुम्ही हो म्हणालात, तरच तो कुलूपबंद स्वरूपात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो.

या 'हो म्हणालात तर' वर सगळं उभं आहे. ॲपवर येणाऱ्या संमतीच्या विनंतीत कोण मागतंय, कशासाठी, कुठल्या प्रकारचे कागद, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे आणि ही परवानगी कधी संपणार हे सगळं लिहिलेलं असतं. दहा वर्षांचे कागद मागितले असतील तर एका वर्षाचेच देता येतात. नाही म्हणता येतं. दिलेली संमती नंतर मागेही घेता येते, मात्र डॉक्टरांनी एकदा वाचलेलं तुम्ही त्यांच्या डोक्यातून पुसू शकत नाही. मला या सगळ्या रचनेतली ही गोष्ट मनापासून आवडते. आमच्यासारख्या वस्तीतल्या माणसाला 'तुझा कागद दाखवू का?' असं आजवर कुणी विचारलं होतं?

ओपीडीत क्यूआर कोड स्कॅन करून नोंदणी करतात, ते याहून निराळं आहे. २०२२ पासून ही सोय आहे. स्कॅन केलं की नाव, वय, पत्ता, मोबाइल क्रमांक रुग्णालयाकडे जातो आणि केसपेपरच्या रांगेऐवजी टोकन मिळतं. तुमचे जुने आजार त्यात जात नाहीत. लोक या स्कॅनलाच घाबरतात आणि खऱ्या संमतीच्या विनंतीला मात्र न वाचता 'हो' दाबतात.

आता आभाची मर्यादा. ते कार्ड काढलं म्हणून तुमची जुनी फाइल आपोआप त्यात येत नाही. कागदावरची नोंद कागदावरच राहते, तुम्ही स्वतः फोटो काढून चढवली तर गोष्ट वेगळी. डॉक्टरांकडे जोडलेलं सॉफ्टवेअर नसेल तर नवी नोंदही येत नाही. आक्कांच्या मालकांचं आभा उघडून पाहिलं, तर आत काहीच नव्हतं. शिबिरानं खातं काढून दिलं, पण त्यात काही जमा व्हायची व्यवस्था केली नाही.

कुणाच्या मोबाइलवर?

या प्रश्नावर थोडं थांबायला हवं, कारण आमच्याकडचा खरा धोका मला इथं दिसतो. एका घरात स्मार्टफोन एकच असतो, तो बहुधा मुलाचा किंवा नवऱ्याचा. सासू, सून, आजोबा सगळ्यांची आभा त्याच नंबरवर. म्हणजे सुनेच्या तपासणीच्या कागदाची संमती नवऱ्याच्या खिशात वाजते. कागदावर ती संमती तिची, प्रत्यक्षात उत्तर देणारं बोट दुसऱ्याचं.

कायद्यानं यातल्या काही नोंदींना जपलेलं आहे. एचआयव्हीची माहिती त्या व्यक्तीच्या संमतीवाचून उघड करायला २०१७ च्या कायद्यानं मनाई केली आहे. गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीचं नाव गुप्त ठेवायची तरतूद २०२१ च्या दुरुस्तीनं स्पष्ट केली. पण एकाच फोनवर सगळ्यांची खाती असतील तर घरातल्या घरात ती भिंत कोण उभी करणार? बाईकडे साधा का होईना, स्वतःचा नंबर असेल तर आभा त्याच नंबरवर काढावं. नसेल तर घाई करू नये. आभा नसल्यानं कुठला लाभ बुडत नाही, हे मी आमच्या महिला मंडळात पुन्हा पुन्हा सांगते.

आयुष्मान कार्डाचं तसं नाही. ते न काढून बसणं महागात पडतं. आजार यायच्या आधीच नाव, आधार आणि रेशन कार्ड यांचा मेळ बसवून ठेवायला हवा. रेशनची ई-केवायसी राहिली असेल तर तीही.

दोन्हींत न बसणारे प्रवाह

टीबीचं उदाहरण घ्या. विड्या आणि यंत्रमागाच्या शहरात हा आजार कुणाला नवा नाही. खासगी डॉक्टरांनाही टीबीचा रुग्ण सरकारला कळवावाच लागतो. २०१२ पासून तसा आदेश आहे. ही नोंद निक्षय या सरकारच्या टीबीसाठीच्या पोर्टलवर जाते आणि तिथूनच पोषण आहाराचे पैसे थेट बँक खात्यात येतात. २०१८ मध्ये ते महिन्याला पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. इथं आरोग्याची नोंद आणि मदतीची नोंद एकाच जागी जोडलेली आहे. म्हणून औषध सुरू झालं की मदतीचा अर्ज घेऊन वेगळ्या खात्याचं दार वाजवावं लागत नाही. यात आभाची संमती लागत नाही, आयुष्मान कार्डही लागत नाही. टीबीच्या रुग्णानं पाहायचं एवढंच की, नोंद झाली का आणि बँक खातं बरोबर लिहिलंय का.

याउलट अंगणवाडी. बाळाचं वजन सेविकाताई महिला व बालविकास खात्याच्या पोषण ट्रॅकरमध्ये भरतात. त्याच बाळाचं लसीकरण आणि आईची बाळंतपणाची नोंद आरोग्य खात्याच्या परिचारिका वेगळ्या पोर्टलवर भरतात. आई तीच, बाळ तेच, प्रश्न तेच, आणि उत्तरं दोनदा. वजन घसरलेलं एका ताईंना दिसतं, जुलाब झालेले दुसऱ्या ताईंना. दोघी एकमेकींना फोन करतात म्हणून बाळ सांभाळलं जातं. आशाताईंची वही हा आजही आमच्या गल्लीतला सगळ्यात भरवशाचा दुवा आहे. इथं माहिती जोडायलाच हवी असं माझं ठाम मत आहे, कारण जिच्यासाठी ती जोडायची, तिला त्याचा उपयोग त्याच आठवड्यात होतो.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही हा फरक दिसतो. एरवी माहिती वापरायला संमती हवी. पण सरकारी अनुदान किंवा लाभ देण्यासाठी शासनाला काही अटींवर वेगळी संमती न घेता माहिती वापरता येते. आयुष्मान कार्ड, रेशन, निक्षयचे पैसे अशा लाभांच्या वाटेवर तुमच्या 'हो'ची भूमिका मर्यादित राहते. आभाच्या वाटेवर तुमच्या 'हो'शिवाय काहीच हलत नाही. म्हणून पहिल्या वाटेवर नोंद अचूक आहे ना हे पाहायचं, आणि दुसऱ्या वाटेवर कोण काय मागतंय हे वाचायचं.

आक्कांच्या मालकांना त्या दिवशी योजनेत असलेल्या दुसऱ्या रुग्णालयात हलवलं. तिथल्या आरोग्यमित्रानं रेशन कार्ड पाहिलं, आधार पाहिलं, 'अप्पा'चा गुंता सोडवायला दोन फोन केले आणि मंजुरी आली. स्टेंट बसला. बिल भरावं लागलं नाही. आरोग्यमित्र भेटत नसेल किंवा काही अडलं, तर राज्याच्या योजनेचा १५५३८८ आणि केंद्राच्या योजनेचा १४५५५ हे दोन क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. आक्कांनी चुलीमागच्या भिंतीवर खडूनं लिहिलेत.

आभाचं कार्ड अजून पिशवीत आहेच, रुग्णालयाच्या फाइलीबरोबर. मागच्या महिन्यात पुन्हा कुणी तरी घरोघरी कार्डं काढायला आलं आणि मुलाच्या मोबाइलवरचा ओटीपी मागू लागलं. आक्का सूप मांडीवरून बाजूला ठेवून उठल्या आणि दारात उभं राहून विचारलं, "कशाचा ओटीपी ओ? खर्चाचा का कागदाचा?"