हिरड्यांचं प्रोबिंग आणि त्या आकड्यांचा भरवसा

दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई, म्हणजे प्रोब, घालून ती किती खोल जाते ते बघायचं, याला प्रोबिंग म्हणतात. एका दाताला सहा जागा, २८ दात धरले तर १६८ आकडे, डॉक्टर "तीन-दोन-तीन, तीन-तीन-पाच" असं म्हणत जातात आणि असिस्टंट चार्टवर लिहीत जाते. १ ते ३ मिमी साधारण ठीक, ४ किंवा जास्त आलं की पॉकेट, म्हणजे हिरडी दातापासून सुटून खोल झालेली फट, तयार झालंय का हे बघावं लागतं.

आता खरी गोची अशी की या फटीला टणक तळच नसतो. हिरडी सुजलेली असेल तर प्रोबचं टोक तळाशी न थांबता मऊ झालेल्या पेशींमधून थोडं आतच घुसतं आणि आकडा मोठा येतो, आणि क्लीनिंगनंतर सूज उतरून हिरडी घट्ट झाली की तेच टोक अलीकडेच अडतं. म्हणजे ५ चा ३ झाला तरी दाताला धरून ठेवणाऱ्या हाडाला काहीच फरक पडलेला नसू शकतो, आणि पेशंट मात्र खूश!

वर हाताचा जोर. साधारण २५ ग्रॅमइतका हलका दाब द्यावा असं शिकवतात, पण हात म्हणजे काय वजनकाटा आहे का, त्यात भूल दिलेली असली की पेशंट कळवळत नाही आणि प्रोब नकळत जास्तच दाबला जातो. मागच्या दाढांना प्रोब सरळ धरणं अवघड, तिरका झाला की आकडा बदलला, मध्ये टार्टरचा (दातावर साचून कडक झालेल्या थराचा) खडा आला की सळई तिथेच अडते आणि खोल पॉकेट उथळ दिसतं. विल्यम्स नावाच्या प्रोबवर तर ४ आणि ६ च्या खुणाच नसतात, ३ नंतर थेट ५, त्यामुळे मधलं माप अंदाजानेच.

म्हणून दोन डॉक्टरांच्या मापात १ मिमीचा फरक निघाला तर कोणी चुकलं असं समजत नाहीत, एकाच जागी २ मिमी वा जास्त वाढ दिसली की मगच आजार वाढल्याची शंका पक्की धरतात. संशोधनात सगळ्या तपासनीसांना आधी त्याच पेशंटची मापं परत परत घ्यायला लावून हात जुळवून घेतात. ठरावीक दाब देणारे इलेक्ट्रॉनिक प्रोबही आहेत, जोराचा प्रश्न त्यांनी बराच सुटतो, पण प्रोब तिरका गेला तर तोही मुकाट्याने तिरकंच मोजतो.